पद्मिनीचा दिवा मिचमिचतोय? आधी अर्थ बघा!
वसईच्या खाऱ्या हवेत जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनो, हे वाचाच! 🚗 १९६४ची फियाट ११०० डिलाइट मूळची इटालियन, बनली आपल्या कुर्ल्यात. पुढे तिचीच पद्मिनी झाली.

परवा वसईतल्या पापडीजवळ मी माझ्या पद्मिनीचा इंडिकेटर दिला, तर पार्किंगचा दिवाही डोळे मिचकावू लागला. अशा वेळी बॅटरीला बोल लावू नका. परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून जातो, यालाच अर्थ (अर्थिंग) म्हणतात. अर्थच्या बोल्टखाली गंज चढला की हा करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो.

उपाय: बॅटरीची वायर सोडवा, बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, बोल्ट घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा.

फ्यूज उडतोय म्हणून जाड तार मात्र घालू नका, वायरिंग जळेल!