पावसाळ्यात अडणारी दारे

आषाढाच्या सरी लागल्या, चार दिवस हवेत ओल मुरली, की कोकणात आणि मुंबईत घरोघर एक आवाज ऐकू येऊ लागतो. आधी दार ओढल्याचा, आणि मग लाथेचा! एरवी बोटाने लोटावे आणि मिटावे असे दार चौकटीत रुतून बसते. न्हाणीघराच्या दाराचे तर विचारूच नका. आत सत्तरीच्या आजी असाव्यात, त्यांनी कडी काढावी आणि तरी दार हलू नये, असा प्रसंग ज्या घरात आला असेल त्या घराला हा विषय किरकोळ वाटणार नाही.

लाकूड कापून किती का वर्षे झालेली असेनात, पाणी पिण्याची सवय ते सोडत नाही. हवेत ओल वाढली की ती ओढून घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली की आकसते. मात्र ते चहूकडून सारखे फुगत नाही, आणि रंधा हातात घेण्यापूर्वी हेच समजून घ्यायला हवे. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ वाढतच नाही. वाढते ते आडवे, रुंदीत. जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते सागवानी दाराला उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा करीत आणि मधल्या फळ्या खोबणीत सरस न लावता मोकळ्या बसवीत. फळीला काय फुगायचे ते तिने खोबणीतल्या खोबणीत फुगावे! मग रुंदीत फरक पडतो तो दोन उभ्या पट्ट्यांपुरता. त्या चार-चार इंचांच्या धरल्या, तर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत हा फरक सुमारे २ मिलिमीटर भरतो. एवढ्यासाठी सारा आरडाओरडा.

आता निदान. दार कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत घासत असेल, तर दोष ओलीचा. पण ते कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात आणि खाली जमिनीला घासत असेल, तर ते फुगलेले नाही, लोंबलेले आहे. उंचीत लाकूड वाढत नाही हे आत्ताच पाहिले. अशा वेळी वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. ते बहुधा ढिले झालेले असतात. ते काढून भोकात सरस लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकाव्या, सरस वाळू द्यावा आणि स्क्रू पुन्हा पिळावे. पुष्कळ दारे इथेच बरी होतात. अशा दाराला खालून रंधा मारणे म्हणजे ताप डोक्यात आणि पट्टी पायाला!

खरोखरच तासायचे असेल, तर माझे मत विचाराल तर भर श्रावणात तासू नये. तेव्हा ऐसपैस केलेले दार माघात खडखडू लागते. तोवर कडेवर मेणबत्ती घासून काम भागवावे. न्हाणीघराला मात्र थांबता येत नाही. तिथे दार सुटेल एवढेच तासून घ्यावे. कोरड्या दिवसांत तासत असाल तर फट ३ मिलिमीटरांची ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाला जागा राहील.

कुठे अडते ते डोळ्यांनी नेमके कळत नाही. दार आणि चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवत न्यावी. जिथे ती अडकेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. मग दाराखाली पाचर देऊन, मदतीला एक माणूस घेऊन, आधी खालच्या बिजागरीचे स्क्रू काढावे आणि वरचे शेवटी. उभी कड तासताना रंधा रेषांच्या अंगाने चालवावा. ढलप्या उचकटू लागल्या तर दिशा उलटी आहे असे समजा. वरची वा खालची कड तासायची असेल तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. टोकाबाहेर रंधा नेलात तर कोपऱ्याची चिरफळी उडते. पाते कमी काढून ठेवावे. विजेवर चालणारा रंधा झटपट काम करतो हे खरे, पण नवख्याच्या हातात तो नको तेवढा खातो.

हल्लीच्या फ्लश दारांना एक पथ्य आहे. त्यांच्या कडेची लाकडी पट्टी पुष्कळदा पातळ असते. ती तासून संपली की आतला प्लायवूड उघडा पडतो आणि पाणी लागून सुटू लागतो. तेव्हा दोन-तीन मिलिमीटरांच्या पुढे जाण्याआधी सुताराला बोलवावे.

तासून झाले की उघडी कड तशीच ठेवू नका. तिथूनच ओल पुन्हा आत शिरते. रंगारी तोंडाला दिसणारा भाग रंगवतात. दाराची खालची कड कित्येक घरांत कधी रंग पाहतच नाही, आणि न्हाणीघराचे सांडपाणी नेमके तिथेच लागते. दार उतरवलेलेच आहे तर तिला व्हार्निशचे दोन हात द्यावे. वाळायला एक रात्र जाते. दार न्हाणीघराचे असेल तर पडद्याची सोय आधी करून ठेवा.