हेडफोनची निवड (हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत)

हिंदुस्तानी शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी हेडफोन निवडताना लागणारे निकष चित्रपटसंगीत किंवा नृत्यसंगीत ऐकण्यासाठीच्या निकषांहून काहीसे वेगळे असतात. रागसंगीतात वाद्ये थोडी असतात, मैफलीचा आरंभ अतिशय मंद आवाजात होतो आणि तानपुऱ्याचा नाद अखेरपर्यंत अखंड चालू राहतो. हा नाद स्पष्ट ऐकू येतो की नाही, हीच या संगीतासाठी हेडफोनची सर्वांत सोपी व बहुधा सर्वांत विश्वसनीय कसोटी आहे.

रचना व प्रकार

बेयर या जर्मन कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा डायनॅमिक प्रकारचा हेडफोन बाजारात आणला. चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्याने पातळ पडदा हलवण्याचे त्यातील तत्त्व आजही बहुसंख्य हेडफोनांत वापरले जाते. अमेरिकेत जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टीरिओ संगीतासाठी हेडफोन तयार केला. १९६८ मध्ये आलेल्या सेनहायझर एचडी ४१४ या हेडफोनने ओपन-बॅक रचना लोकप्रिय केली.

ओपन-बॅक हेडफोनच्या कपाची मागील बाजू जाळीदार असते. पडद्यामागील ध्वनी बाहेर निघून जात असल्याने कपात घुमारा राहत नाही आणि गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही. क्लोज्ड-बॅक हेडफोनची पाठ बंद असते. बाहेरचा गोंगाट त्यामुळे कमी होतो, पण स्वस्त नमुन्यांत खालच्या स्वरांना पेटीतून आल्यासारखा आवाज येतो. शांत खोलीत एकट्याने ऐकण्यासाठी ओपन-बॅक हेडफोन अधिक योग्य ठरतो. तो लोकल गाडीत मात्र निरुपयोगी आहे. रस्त्याचा आवाज आत येतो आणि शेजारच्या प्रवाशालाही गाणे ऐकू जाते.

तानपुरा आणि जवारी

काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे १०४ हर्ट्झ असतो. तथापि तानपुऱ्याचे वैशिष्ट्य या मूळ स्वरांपेक्षा त्यांच्या उपस्वरांत आहे. घोडीचा किंचित उतरता पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार घोडीला पुनःपुन्हा स्पर्श करते व उपस्वरांची दाट रांग निर्माण होते. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक विलक्षण निरीक्षण नोंदवले आहे: तार जेथे छेडली त्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमानुसार उमटू नयेत, तेही तानपुऱ्यात व वीणेत स्पष्ट उमटतात.

खर्जाच्या पाचपट वारंवारतेचा उपस्वर म्हणजे स्वयंभू गंधार. कोणत्याही तारेवर न लावलेला हा गंधार चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येतो. काळी एकच्या तानपुऱ्यात तो सुमारे ३४६ हर्ट्झला असतो. खालचे स्वर वाजवीपेक्षा फुगवणाऱ्या हेडफोनमध्ये डग्ग्याचा आवाज या भागावर पसरतो आणि तानपुरा नुसती गुणगुण उरतो. ‘एक्स्ट्रा बास’ अशी जाहिरात असलेले हेडफोन त्यामुळे रागसंगीताला सहसा मानवत नाहीत. उलट, खालचे स्वर दुबळे असतील तर डग्ग्यावरील मींड नाहीशी होते व तबला केवळ टकटक करतो. वरच्या पट्टीतील अतिरेकाने हार्मोनियम कर्कश होते आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे टोचतात.

हेडफोनचा प्रतिसाद आलेखावर सरळ रेषेसारखा असावा, हा समजही तितकासा बरोबर नाही. कानाचा बाह्य भाग व कर्णनलिका सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी नैसर्गिकरीत्याच वाढवतात. हेडफोन कानावर चढवल्यावर ही वाढ बिघडते, म्हणून चांगल्या हेडफोनच्या आलेखात तेथे मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो. तो नसेल तर गायकाचा आवाज पडद्याआड गेल्यासारखा वाटतो.

जुनी ध्वनिमुद्रणे

भारतातील शास्त्रीय गायनाचे ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या तबकड्यांनी सुरू झाले. कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या त्या मुद्रणांत वरचे उपस्वर फारसे टिपले जात नसत. १९२५ च्या सुमारास विद्युत मुद्रण आल्यावर परिस्थिती सुधारली. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अतिशय तपशीलवार हेडफोनवर ऐकल्यास गाण्याआधी सुईची खरखरच पुढे येते. असा संग्रह प्रामुख्याने ऐकणाऱ्यांसाठी वरच्या स्वरांत मवाळ असलेला, तुलनेने स्वस्त हेडफोन महागड्या हेडफोनपेक्षा सुखद ठरू शकतो.

मोनो मुद्रण हेडफोनवर डोक्याच्या मध्यभागी ऐकू येते; तो हेडफोनचा दोष नव्हे. सुरुवातीच्या काही स्टीरिओ तबकड्यांत तबला एका कानात आणि मुख्य वाद्य दुसऱ्या कानात असे तोडून ठेवलेले आढळते, जे दीर्घकाळ ऐकताना थकवा आणते. यावर क्रॉसफीड हा उपाय आहे. एका बाजूचा ध्वनी थोडा मंद करून व सूक्ष्म विलंबाने दुसऱ्या कानात सोडण्याचे मंडल बेंजामिन बावर यांनी १९६१ मध्ये मांडले होते. आता ही सोय अनेक संगणकीय प्लेअरमध्ये मिळते.

विद्युत जुळणी आणि बिनतारी हेडफोन

सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मोबाइलमधून पुरेसा विद्युतदाब मिळेलच असे नाही. आवाज मंद राहतो आणि वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. ३२ ओहमच्या आसपासचे हेडफोन बहुधा थेट चालतात, मात्र संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा लागतो. ब्लूटूथ हेडफोन निव्वळ श्रवणाला चालतात. रियाजात तबल्याच्या ॲपबरोबर स्वतःचे वाद्य जोडायचे असल्यास त्यांतील विलंब ठेका चुकवतो. तेथे तारेचाच हेडफोन हवा. नॉइज कॅन्सलिंगमुळे तानपुराही पुसला जातो ही समजूत चुकीची आहे, कारण ते तंत्र मायक्रोफोनने पकडलेल्या बाहेरच्या ध्वनीविरुद्ध काम करते.

बडा ख्याल तासभर चालू शकतो, म्हणून वजन व पकड यांना तांत्रिक आकड्यांइतकेच महत्त्व आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने चिकटतात. मखमली गाद्या अधिक सुसह्य असतात.

आवाजाची पातळी आणि श्रवणहानी

आलापाच्या आरंभी तानपुरा नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला जातो आणि द्रुत लयीतील ताना किंवा झाला येईपर्यंत तो तसाच राहतो. मंद आवाजात कानाला खालचे स्वर अधिकच क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले होते. त्यामुळे हा मोह स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी तीच मुदत ७५ डेसिबलला लागू होते. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याला फक्त ५ तास उरतात. आवाजामुळे होणारी हानी बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात प्रथम दिसते आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. जवारीची वरची झळाळी आणि बोलांतील व्यंजनांची स्पष्टता याच पट्ट्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.