लॉगशीट भरताना

माहितीपटाची बातमी होते ती त्याची महोत्सवात निवड झाली, पारितोषिक मिळालं किंवा सेन्सॉरशी खटका उडाला की. १९९० पासून मुंबईत भरणाऱ्या 'मिफ'मध्ये असो की केरळच्या महोत्सवात, दोन खेळांच्या मधे दिग्दर्शक मंडळी बोलतात ती निधीबद्दल, कॅमेऱ्याबद्दल, वितरणाबद्दल. लॉगिंगचा, म्हणजे शूट झालेल्या प्रत्येक क्लिपची नोंद करण्याचा विषय सहसा निघत नाही. मी बरीच वर्षं एडिटिंगच्या खोलीत असिस्टंट म्हणून हेच काम करते आहे, आणि फिल्म कितपत खरी उतरणार हे बऱ्याच अंशी इथे ठरतं असं माझं ठाम मत आहे.

शूटिंगवरून कार्डं येतात. त्यांच्या आधी दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर प्रती काढायच्या. कॉपी झाली म्हणून लगेच कार्ड पुसायचं नाही. मूळ फाइल आणि प्रत तंतोतंत सारखी आहे हे सॉफ्टवेअरकडून तपासून घ्यायचं, मगच कार्ड परत युनिटकडे जातं. तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने शूट केलेलं तासाभराचं फुटेज ४५ जीबी जागा घेतं, त्यामुळे डिस्कचा खर्च सुरुवातीपासूनच निर्मात्याच्या डोळ्यांत भरतो.

१६ मिलिमीटरच्या जमान्यात ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेम्सच्या वेगाने अकरा मिनिटांत संपायचं. कॅमेरामनला बटण दाबण्याआधी विचार करावाच लागे. आता कॅमेरा दिवसभर चालू ठेवता येतो आणि तो विचार आमच्या टेबलावर येऊन पडतो. मी ज्या फिल्मबद्दल सांगते आहे ती बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांवर होती. तयार फिल्म सव्वा तासाची, फुटेज शेकडो तासांचं.

लॉगशीट म्हणजे साधा तक्ता. कार्ड नंबर, क्लिप नंबर, टाइमकोड, ठिकाण, माणसं, काय घडतं, आवाज आणि शेवटी शेरा. नवशिकी मुलं शेऱ्यात 'छान शॉट' असं लिहितात. त्याचा एडिटरला काही उपयोग नसतो. 'बाई स्वयंपाक करते' हेही अपुरंच. त्याच क्लिपचा लॉग असा पाहिजे: 'पहाट, अंधार. कोपीपुढे चूल. बाई भाकरी थापते, लहान पोर पाठीला टेकून झोपलंय. डावीकडून, फ्रेमबाहेर, ट्रॅक्टर सुरू होतो. बाई मान वर करून बघते, हात थांबत नाहीत.' आता एडिटरला कळतं की इथून ट्रॅक्टरच्या आवाजावर थेट फडात जाता येईल. शिवाय हात थांबत नाहीत हे कळल्यावर निवेदनातली दोन वाक्यं कमी होतील. असं लिहायचं तर क्लिप पूर्ण पाहावी लागते, नेहमीच्या वेगाने, हेडफोन लावून. दुप्पट वेगाने पाहिलेल्या फुटेजमध्ये माणसं फक्त हालताना दिसतात.

याच फिल्ममधली एक क्लिप सांगते. एका बाईची कोपीसमोर बसवून मुलाखत घेतली होती. सकाळी किती वाजता उठता, दिवसाला किती मोळ्या होतात, पोरांच्या शाळेचं काय. तिची उत्तरं तुटक होती. पाव्हण्यांना द्यावीत तशी, जपून दिलेली. मुलाखत संपली. साउंड रेकॉर्डिस्टने ॲम्बियन्ससाठी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प राहायला सांगितलं. हे प्रत्येक ठिकाणी करतात. पुढे दोन वाक्यं जोडताना मधली पोकळी भरायला त्या जागेची स्वतःची शांतता लागते. लोकेशनवरच्या वहीत एवढीच नोंद होती: 'ॲम्बियन्स, वारा.' क्लिपमध्ये काही सेकंद नुसता वारा आहे, लांबून कुत्रं भुंकतं. बाई पदर सारखा करते, कॅमेऱ्यामागच्या मुलाकडे निरखून बघते आणि विचारते, "तुमचं बी उचलीवरच असतंय का?" मुलगा गडबडतो. "हो ताई, थोडंफार." त्यावर ती पहिल्यांदा मोकळी हसते आणि म्हणते, "मग फिटत नसंल."

हंगामाआधी मुकादमाकडून घ्यायची उचल, नवरा-बायको मिळून धरला जाणारा एक कोयता, हंगाम संपला तरी अंगावर राहणारी बाकी आणि पुन्हा पुढच्या वर्षीची उचल: हे सगळं समजावून सांगायला रफ कटमध्ये एका अभ्यासकाची मोठी मुलाखत होती. ती चांगलीच होती. पण मी शेऱ्यात बाईचे शब्द जसेच्या तसे लिहिले, एडिटरने ती क्लिप मुकादमाच्या हिशेबाच्या वहीला जोडून पाहिली आणि अभ्यासकाची मुलाखत जवळजवळ सगळी निघाली.

बोललेलं उतरवून घेणं हा वेगळाच व्याप. तासाभराच्या मुलाखतीत माझा पुरा दिवस जातो. यंत्र आता मराठी बोलणं बऱ्यापैकी लिहून देतं, आणि पुण्या-मुंबईच्या माणसाची मुलाखत असेल तर मीही ते वापरते. फडात मात्र वाऱ्यात, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणारी माणसं असतात. शिवाय यंत्र थांबे गाळतं. प्रश्नानंतर माणूस किती वेळ गप्प राहिला हे उताऱ्यात नसेल, तर कागदावर त्याचं उत्तर ठाम वाटतं आणि पडद्यावर चाचरत आलेलं. एडिटर जोडणी कागदावर आखत असेल तर हा फरक महाग पडतो.

जुन्या फुटेजचं मोल कधी आणि कशाने वाढेल, हे शूट करताना कुणालाच माहीत नसतं. आनंद पटवर्धन यांनी झोपडपट्ट्या उठवण्यावर केलेल्या, १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेला पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. घोगरे यांचं ते आधीचं चित्रण या फिल्मसाठी किती मोलाचं, हे ती पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडच्या डिस्क वीस वर्षांनी कुणी उघडल्या, तर आत फक्त नंबर असलेल्या हजारो फाइल्स असतील. तक्ता सोबत नसेल तर त्यातला एखादा गायक शोधायला कुणाकडे वेळ असणार? म्हणून मी लॉगची छापील प्रत डिस्कच्या डब्यातच ठेवते. आणि म्हणूनच निधीच्या अर्जात लॉगिंगचे पैसे स्वतंत्र दाखवावेत असा माझा प्रत्येक दिग्दर्शकाकडे आग्रह असतो. एडिटिंगच्या रकमेत ते मिसळले की काटछाटीत सर्वांत आधी तेच जातात.

ऊसतोडीची फिल्म संपत आली तेव्हा एका दुसऱ्या बाईचा फोन आला. तिने शूटिंगला संमती दिली होती, पण आता त्याच मुकादमाकडे पुढच्या हंगामाची बोलणी चालू होती आणि तिला फिल्ममध्ये राहायचं नव्हतं. दिग्दर्शिकेने एका शब्दाने वाद घातला नाही. 'माणसं'च्या रकान्यात शोधून तिच्या सगळ्या क्लिप काढल्या. ते पटकन झालं. मग 'आवाज'चा रकाना चाळला. उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या एका लांब शॉटखाली, दृश्याबाहेरून, तीच पैशांबद्दल बोलत होती. गावातल्या कुणीही तो आवाज ओळखला असता. एडिटरने तो तुकडा उचलला आणि त्या जागी नुसता ट्रॅक्टर ठेवला. मी तिच्या प्रत्येक क्लिपपुढे 'वापरायचं नाही, संमती मागे घेतली' असं तारखेसह लिहिलं, आणि तो नवा तक्ता तिन्ही डिस्कवर चढवला.