आपल्या माळाला ‘काही नाही’ म्हणू नका!

कानात हेडफोन घालायला वेळ नाही, पण बसमध्ये मोबाईल हातात आहे, अशांसाठी या एपिसोडचं लिहून काढलेलं रूप. बोललोय तसंच ठेवलंय, थोडं आवरून.

तर झालं असं. पुण्यात ऑफिसमध्ये चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाला, “तुझं गाव काष्टी ना? वीकेंडला येतो. तिकडं बघायला काय आहे?” मी पटकन म्हणालो, “काही नाही रे. शनिवारचा जनावरांचा बाजार आहे आणि बाकी सगळा माळ.” आणि वर सल्ला दिला, “त्यापेक्षा कळसूबाईला जा.”

गंमत म्हणजे कळसूबाई आमच्याच जिल्ह्यात आहे. अहिल्यानगर, म्हणजे आधीचा अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. दक्षिणेला श्रीगोंदा तालुक्यात आमचं काष्टी. सरळ रेषेत अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण पावसाळ्यात एका ठिकाणी रेनकोट घालूनही चिंब भिजाल आणि दुसरीकडे लोक आभाळाकडे बघत बसलेले दिसतील.

असं का होतं? अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात आणि सह्याद्रीला अडतात. मग वर चढतात. वर हवा थंड, त्यामुळे बाष्पाचं पाणी होतं आणि ते तिथंच कोसळतं. अकोल्याच्या घाटघर भागात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून तीच हवा खाली उतरते तेव्हा ती तापते आणि कोरडी होते. आमच्या वाट्याला उरतो साधारण ५०० मिलिमीटर, कधी त्याहून कमी. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

खालचा दगड मात्र दोन्हीकडे एकच, काळा बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, फक्त पाण्याचा इनपुट वेगळा. त्याच दगडावर अकोल्यात धबधबे आणि दाट जंगल, पारनेरात निघोजजवळ कुकडी नदीने कोरलेले रांजणखळगे, भीमा आणि घोडच्या काठाला ऊस, आणि पाणी पोचत नाही तिथं आमचा माळ.

आता या माळाबद्दल. मी लहानपणापासून त्याला ‘पड’ म्हणत आलो. सरकारी भाषाही फार वेगळी नाही. देशाच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये झुडपी जमीन आणि खराब झालेली कुरणं ‘पडीक’ म्हणून मोजली जातात, आणि कितीतरी माळरानं त्यात जाऊन बसतात. म्हणजे मी एकटाच चुकत नव्हतो!

दोन वर्षांपूर्वी मित्रांना घेऊन मी एक प्लॅन केला. आमच्या घरची थोडी माळजमीन आहे. तिथं खड्डे घ्यायचे, पाचशे रोपं लावायची, फोटो टाकायचे. गावाकडे आलो, दोरी लावून आखणी सुरू केली, तेवढ्यात दरवर्षी तिथं मेंढरं चारणारे तात्या आले.

“काय चाललंय रं?”

“झाडं लावतोय तात्या. जमीन नुसती पडून आहे ना.”

तात्या हसले. “पडून कुठंय? माझी मेंढरं चार महिने हिच्यावरच जगत्यात की.”

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. मेंढराला जास्त पाऊस सोसत नाही, चिखलात खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात धनगर इकडच्या कोरड्या माळावर राहतात. दिवाळीच्या सुमारास गवत सरलं की बरेच वाडे घाट उतरून कोकणाकडे चालू लागतात. तिथल्या शेतकऱ्यांना रिकाम्या खाचरात लेंडीखत मिळतं. म्हणजे पावसाचा जो फरक मी पुस्तकात वाचला, त्यावर यांचं वर्षाचं कॅलेंडर चालतं.

नंतर मी वाचत गेलो. उघड्या माळावरच जगणारे जीव वेगळे आहेत. काळवीट लांबून धोका बघतं आणि पळून जीव वाचवतं. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झालं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे माळाचेच. माळटिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडं माळावर दाट लावली की गवत सावलीत मरतं आणि हे सगळे बेघर होतात.

सगळ्यात मोठं उदाहरण माळढोकाचं. नावातच माळ! १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून अभयारण्य जाहीर झालं, त्यात श्रीगोंदा आणि कर्जतचाही भाग होता. आज देशभरात जंगलात उरलेले माळढोक दीडशेच्या आत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. शेती वाढली, शिकार झाली, विजेच्या तारा आल्या, माळ तुटत गेले. माझ्या पिढीने हा पक्षी गावाकडे पाहिलेलाच नाही.

आमच्या रोपांचं काय झालं? कडुलिंब, चिंच बांधावर आणि वस्तीवर लावली. तिथं सावली हवीच होती. माळ तसाच ठेवला.

मी झाडांच्या विरोधात नाही बरं का. कळसूबाईला जाऊ नका असंही म्हणत नाही. जाच, मी परत जाणार आहे. पण हिरवं आणि ओलं तेवढंच सुंदर, ही सवय आपल्याला रील्सनी लावली आहे. माळ बघायला वेगळी वेळ लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सकाळी सहाला या. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असतं, तुऱ्यांवर दव असतं, आणि चंडोल गात सरळ आभाळात चढतो. उन्हाळ्यात तोच माळ सोनेरी होतो. फक्त गाडी रस्त्यावरच लावा आणि पायाखाली बघून चाला, कारण घरटी जमिनीवर असतात.

तो सहकारी शेवटी गेल्या ऑक्टोबरात आला. शनिवारी बाजार फिरलो, रविवारी पहाटे माळावर गेलो. तासभर तो काही बोललाच नाही. परत येताना म्हणाला, “तू तर म्हणाला होतास काही नाही.”

आता तुमची पाळी. तुमच्या गावात अशी कोणती जागा आहे, जिला तुम्ही ‘काही नाही’ म्हणता? एकदा सकाळी जाऊन या, तिथं कोणाचं पोट चालतं ते विचारा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. चला, भेटू!