परड्यातील तळे आणि धबधबा

जुन्या घरांची पुढील बाजू सहसा नीटनेटकी असते. तेथे तुळशीवृंदावन असते, गोव्यात कित्येक घरांपुढे क्रूस असतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची दृष्टी पडते म्हणून ती जागा रोज झाडली जाते. मागील बाजूचे भाग्य वेगळे. गोठा गेला, विहिरीवरून पाणी ओढणे थांबले, फुटकी कौले आणि जुनी लाकडे तेथे जाऊन पडली. न्हाणीच्या पाण्याने एका कोपऱ्यात चिखल झाला आणि त्यावर रान माजले. बेळगावकडील परडे, गोव्यातील परसू, इंदूर-ग्वाल्हेरच्या वाड्यांमागील मोकळी जागा, या सर्वांची अवस्था थोड्याफार फरकाने हीच आहे.

अशा जागी तळे करावे आणि त्यात लहानसा धबधबा सोडावा असे कोणी सुचविले, की घरातील वडील मंडळी प्रथम डासांचे नाव काढतात. ही शंका रास्त आहे. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथेच दिसले, आणि शहरांत हिवताप पसरविणारा एक डास विहिरी व टाक्यांच्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. परंतु डेंग्यूच्या डासाला तळ्याची गरज नसते. करवंटी, फुटके कौल, जुना टायर यांत साचलेले ओंजळभर पाणी त्याला पुरते. उष्ण दिवसांत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, आणि पाणी आटले तरी भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरतात. म्हणजे माजलेल्या परड्यात तळी आधीपासूनच असतात. ती लहान असतात, पुष्कळ असतात आणि त्यांत मासा नसतो.

मासा हाच येथे खरा राखणदार होय. वाहत्या पाण्याने डास हटतात असे पुष्कळांना वाटते, परंतु ते अर्धसत्य आहे, कारण धबधब्याखाली पाणी हलत असले तरी कोपऱ्यांत ते निवांतच असते. गप्पी मासे सर्वत्र मिळतात व अळ्या खातात. आपल्या ओढ्यांत व भातखाचरांत डोक्यावर पांढरा चकाकता ठिपका असलेला एक लहान मासा असतो. तो पाण्याच्या पृष्ठभागीच वावरतो आणि या कामी उत्तम. गॅम्बुझिया हा अमेरिकेकडील मासा १९२८ साली याच कामासाठी भारतात आणला गेला. तो अळ्या खातो, पण इतर माशांची अंडी-पिल्लीही सोडत नाही. म्हणून त्याला दूर ठेवणेच बरे.

आता रूपाचा विचार. घरगुती धबधबा बहुधा फसतो तो एकाच कारणाने : दगडांचा ढीग रचून त्याच्या माथ्यावरून पाणी सोडले जाते. सृष्टीत शिखराच्या टोकातून पाणी कधी निघत नाही. ते उंचावरील सखल जागेतून वाट काढीत येते आणि कठीण खडकाच्या कडेवरून खाली पडते. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेवरील गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडतो. तेथील खडकाचे आडवे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. इंदूरजवळ पाताळपाणी येथे काळ्या पाषाणाचे, म्हणजे प्राचीन लाव्हारसाचे, थर आहेत. गोव्याच्या सीमेवरील दूधसागर टप्प्याटप्प्याने उतरतो. यांपैकी एखादे स्थळ पावसाळ्यात नव्हे, मार्गशीर्ष-पौषात पाहावे. पाणी कमी असते आणि दगडांची बैठक स्पष्ट कळते.

त्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. दगडांचे थर एकाच दिशेने असतात, आणि प्रत्येक मोठा दगड काही अंशी जमिनीत पुरलेला असतो. घरीही दगडाचा तिसरा हिस्सा मातीत गाडावा आणि त्यावरील रेषा एकाच दिशेने ठेवाव्यात. दगड एकाच जातीचा असावा : गोव्यात जांभा, माळव्यात काळा पाषाण. आपल्याच परड्यात पडलेले पायऱ्यांचे व जोत्याचे दगड विकतच्या गुळगुळीत गोट्यांपेक्षा कितीतरी शोभतात. चंडीगढ येथील सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ पासून कोणाला न सांगता टाकाऊ वस्तू व दगड जमवून जी बाग उभी केली, ती १९७६ साली लोकांस खुली झाली. तिच्यात धबधबेही आहेत, आणि टाकलेल्या वस्तूंचा उपयोग किती दूरवर जाऊ शकतो हे तेथे पाहावयास मिळते.

तळ्याची जागा निवडताना मोठ्या झाडाखालील टाळावी; पाने कुजून पाणी काळे होते आणि मुळे अस्तर फोडतात. कमळ हवे असेल तर पाच-सहा तास ऊन पाहिजे. दहा फूट लांब, सात फूट रुंद आणि मध्यभागी दोन फूट खोल असा लांबट खड्डा घरगुती कामास पुरे. कडेला हातभर रुंद व वीतभर खोल अशी पायरी ठेवावी. तिच्यावर पाणवनस्पतींच्या कुंड्या बसतात, आणि चुकून पाय घसरला तर आधारही मिळतो. घरात रांगते मूल असेल तर मात्र ते मोठे होईपर्यंत तळे करू नये, किंवा भोवती कुंपण घालावे. लहान मुलाला बुडण्यास वीतभर पाणीही पुरते.

काठ समपातळीत आहे की नाही हे गवंड्याच्या पाणनळीने पाहावे. एका बाजूस काठ बोटभर जरी उंच राहिला तरी तेथे अस्तर उघडे पडते आणि सारा नैसर्गिकपणा संपतो. अस्तरासाठी शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद चांगला. लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांसाठी एकेक फूट मिळवावा. वरील तळ्यास १६ फूट गुणिले १३ फूट कागद लागेल. खाली वाळू आणि जुनी गोणपाटे अंथरावीत. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तेथे केवळ सिमेंटचा गिलावा टिकत नाही. गिलावा केलाच तर नव्या सिमेंटमधील चुन्याने मासे मरतात हे लक्षात ठेवून तळे तीन-चारदा भरून रिकामे करावे.

धबधब्याची उंची दोन-अडीच फुटांपेक्षा अधिक नको. पाणी तळ्यातूनच वर चढवावयाचे असते. कुलरमध्ये असतो त्या जातीचा, पण थोडा मोठा पाण्यात बुडणारा पंप त्यास पुरतो. सहा इंच रुंदीची सलग धार हवी असल्यास तासाला सुमारे दोन हजार लिटर पाणी वर गेले पाहिजे. चढ वाढला की पंपाचा पुरवठा घटतो, तो हिशेब दुकानातच विचारावा. ४० वॅटचा पंप रोज दहा तास चालला तर महिन्यास सुमारे १२ युनिटे होतात. वायरमनकडून अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे बटण बसवून घेतल्यावाचून पाण्यात पंप सोडू नये. येथे काटकसर जिवावर बेतते.

पाण्याची टंचाई असता हे सोंग कशाला, असाही आक्षेप येतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. वरील तळ्यात सुमारे दोन हजार लिटर पाणी मावते. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की जवळजवळ २,३०० लिटर पाणी पन्हाळीतून उतरते. म्हणजे एका चांगल्या सरीत तळे भरते. खरी अडचण चैत्र-वैशाखातील. तेव्हा ग्वाल्हेर-इंदूरकडे रोज तीस-चाळीस लिटर पाणी उडून जाते, धबधबा चालू ठेवल्यास त्याहून अधिक. त्या दोन महिन्यांत धबधबा बंद ठेवून माशांपुरते पाणी राखणे हेच शहाणपणाचे. न्हाणीचे साबणाचे पाणी तळ्यात घेऊ नये; ते केळींना व अळूला द्यावे. नळाचे पाणी माशांसाठी एक-दोन दिवस उघडे ठेवून मग ओतावे.

लागवडीत वेखंड, लव्हाळे, ब्राह्मी काठावर, सोनटक्का व कर्दळ धबधब्याच्या पाठीशी, आणि मध्ये कुमुद पुरेत. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की हिरवे शेवाळ आपोआप आवरते. पहिल्या काही आठवड्यांत पाणी हिरवट झाले म्हणून ते बदलू नये. बदलले की तीच अवस्था पुन्हा येते. जलपर्णी फुलते सुंदर, परंतु तिने कित्येक नद्या-तलाव गिळले आहेत. तिला उंबरठा ओलांडू देऊ नये.

खणण्याचे काम वैशाखात उरकावे, म्हणजे मृगाच्या पावसाने तळे भरता येते. भरल्यावर काही दिवस पातळीवर खूण करून ठेवावी. पंप चालू असताना पाणी भराभर घटत असेल आणि बंद करताच घटणे थांबत असेल, तर गळती धबधब्यात आहे, आणि ती बहुधा तेथेच असते. तेव्हा दगड उचलून अस्तराची कड वर ओढावी व पुन्हा बसवावी.