टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच मिसळताय? थांबा! बाथरूममध्ये तयार होतो विषारी वायू

दिवाळीच्या आधीची साफसफाई. बाथरूमच्या फरशीवरचे पिवळे डाग टॉयलेट क्लीनर टाकूनही निघत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, ‘वरून थोडं ब्लीच टाक, चकाचक होईल.’ मिनिटभरात डोळे चुरचुरू लागतात, घसा खवखवतो आणि खोकल्याची उबळ थांबत नाही. अनेकांना वाटतं, ‘क्लीनर स्ट्राँग आहे, म्हणून वास येतोय.’ प्रत्यक्षात तो क्लोरीन वायू असतो.

नेमकं काय घडतं?

बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. पाण्यातल्या क्षारांचे थर ते विरघळवतं. घरगुती ब्लीचमध्ये असतं सोडियम हायपोक्लोराइट. ते जंतू मारतं आणि रंग घालवतं. ब्लीच आम्लारीधर्मी ठेवलेलं असतं, म्हणून ते बाटलीत टिकतं. त्यात ॲसिड पडलं की हा तोल बिघडतो आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. बाकी उरतं मीठ आणि पाणी.

ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, हीसुद्धा त्याच कुळातली. तिच्यावर ॲसिड पडलं तरी तेच होतं. रील्समध्ये ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितलं जाणारं व्हिनेगर किंवा लिंबूही आम्लच आहे. तेही ब्लीचमध्ये नको.

थोड्याशा मिश्रणानं काय बिघडतं?

गणित करून पाहू. 4 बाय 6 फुटांचं, 8 फूट उंचीचं बाथरूम धरा. त्यात सुमारे 5,400 लिटर हवा मावते. 5 टक्क्यांचं 100 मिली ब्लीच, म्हणजे साधारण एक कप, पुरेशा ॲसिडमध्ये मिसळलं तर त्यातून जास्तीत जास्त दीड लिटरहून थोडा अधिक क्लोरीन निघू शकतो. तो सगळा त्या बंद खोलीत पसरला, तर हवेच्या 10 लाख भागांत सुमारे 300 भाग क्लोरीन होईल. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेच्या निकषानुसार, 10 भागांनाच जिवाला तातडीचा धोका मानला जातो. प्रत्यक्षात बराच वायू पाण्यात विरघळून राहतो. पण दहावा हिस्सा जरी हवेत आला, तरी तो या मर्यादेच्या तिप्पट भरतो.

शरीरावर काय परिणाम होतो?

डोळे, नाक आणि श्वासनलिकेच्या ओलसर आवरणात क्लोरीन विरघळतो आणि तिथे आम्लं तयार करून दाह करतो. जास्त वायू आत गेल्यास फुप्फुसात पाणी साचू शकतं. हा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. 22 एप्रिल 1915 रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्यानं शस्त्र म्हणून सोडला होता तो हाच वायू.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे खाली बसून फरशी घासणाऱ्या व्यक्तीला आणि लहान मुलांना धोका अधिक. दमा असलेल्यांनी विशेष जपावं.

मग ब्लीच वाईट आहे का?

नाही. क्लोरीनमुळेच नळाचं पाणी पिण्याजोगं राहतं. भारतीय मानकानुसार, क्लोरीननं शुद्ध केलेल्या पाण्यात घरच्या नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. पदार्थ तोच असतो, फरक पडतो तो प्रमाणाचा आणि तो कशात मिसळला याचा.

ही काळजी घ्या

• एका वेळी एकच क्लीनर वापरा. कमोडच्या तळाशी आधीचं द्रावण साचून राहतं, त्यामुळे दुसरं क्लीनर भरपूर पाणी ओतल्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशीच वापरा.
• काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात.
• दारावर येणारं सुटं ॲसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका.
• खिडकी, एक्झॉस्ट फॅन आणि दार उघडं ठेवूनच काम करा.

वास आलाच तर?

लगेच बाहेर पडा, मोकळ्या हवेत या. मिश्रण आवरायला किंवा सोडा टाकायला परत आत जाऊ नका. डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्यानं किमान 15 मिनिटं धुवा. कुणी प्यायलं असेल तर उलटी काढायला लावू नका. खोकला थांबत नसेल, छाती भरून आली किंवा धाप लागली, तर 108 वर फोन करा. कोणत्या दोन वस्तू मिसळल्या, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

आणि एक गोष्ट आजच करा. घरी बाथरूम धुणाऱ्या मावशींना हे त्यांच्या भाषेत समजावून सांगा. बाटलीवरचा इशारा अनेकदा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो आणि त्या बाटलीशी रोजचा संबंध त्यांचाच येतो.