हात मोकळे, पण लक्ष?
गाडीतल्या ब्लूटूथ हँड्स-फ्री किटबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते. वाजणारा फोन खिशातून काढून पडद्यावरचं नाव वाचायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ऐंशीहून जास्त मीटर रस्ता मागे पडलेला असतो आणि चालकाने त्यातला काहीच पाहिलेला नसतो. ब्लूटूथ हँड्स-फ्री किट घ्यायचं ते हे टाळण्यासाठी.

नव्या गाड्यांमध्ये ही सोय बहुतेक वेळा कारखान्यातूनच येते. पण दहा-बारा वर्षं जुन्या, उत्तम चालणाऱ्या असंख्य गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या मालकांना किट बाहेरून घ्यावं लागतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे पर्याय समोर येतात. त्यांच्या खोक्यांवर व्हर्जनचे आकडे असतात, वॉट असतात, यूएसबी पोर्ट आणि रंगीत दिव्यांची यादी असते. गाडी चालवताना हे किट आपल्याकडून किती लक्ष मागेल, हा एकच प्रश्न निवडीच्या वेळी महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर खोक्यावर नसतं, म्हणून आधी काही गैरसमज दूर करू.

गैरसमज १ : हात मोकळे झाले की धोका संपला.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. टोरांटोमध्ये अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांचा अभ्यास १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असं डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांना आढळलं. हँड्स-फ्री वापरणाऱ्यांचा धोका हातात फोन धरणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचं मात्र दिसलं नाही.

असं का होतं, हे युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं तपासलं. सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांची नजर कुठे जाते, हे त्यांनी यंत्राने टिपलं. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, पण नंतर विचारल्यावर त्यांतले बरेच फलक त्यांना आठवत नव्हते. डोळ्यांनी पाहिलेलं मनापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांच्या २००६ च्या अभ्यासात फोनवर बोलणारे चालक ब्रेक उशिरा दाबताना दिसले, आणि फोन हातात असो वा नसो, या उशिरात फरक नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये चालकांच्या मोबाइल वापरावर बंदीची शिफारस केली, तेव्हा तिच्यात हँड्स-फ्रीही धरलं होतं.

मग किट घ्यायचंच कशाला? फोन शोधणं, उचलणं, पडदा बघणं, एका हाताने स्टिअरिंग धरणं हे धोके ते खरोखर कमी करतं. बोलण्यात गुंतलेलं मन मात्र कोणतंही यंत्र मोकळं करू शकत नाही. किट घरी आणताना एवढी मर्यादा मान्य केली, तरच त्याचा उपयोग आहे.

गैरसमज २ : शेजारी बसलेल्याशी बोलतोच की, मग फोनवर बोललं तर काय झालं?

वस्तुस्थिती : शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. खंडाळ्याच्या घाटात समोरचा ट्रक अचानक लेन बदलतो, तेव्हा तो आपोआप गप्प होतो किंवा ‘अरे, सांभाळ!’ म्हणतो. स्ट्रेयर यांच्या गटाने २००८ मध्ये नेमकी हीच तुलना केली होती. प्रवासी रस्त्यावरच्या परिस्थितीनुसार बोलणं थांबवतात, प्रसंगी चालकाला मदतही करतात, असं त्यात दिसलं. फोनच्या पलीकडच्या माणसाला यातलं काही दिसत नाही. तो प्रश्न विचारत राहतो, उत्तराची वाट बघतो, आणि आपण घाटातल्या वळणावर हिशेबाचे आकडे आठवत बसतो.

गैरसमज ३ : कायद्याचा आक्षेप फक्त हातातल्या फोनला आहे, किट असलं की काळजी नाही.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्याची उदाहरणं दिली आहेत. गाडी चालवताना हातातलं संपर्कसाधन वापरणं हे त्यांतलं एक. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने हातातल्या साधनाचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरता मान्य केला, तोही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने.

मात्र हे कलम मुळात धोकादायकपणे गाडी चालवण्याबद्दल आहे. बोलण्याच्या नादात सिग्नल तोडला किंवा कुणाला धडक दिली, तर ‘फोन हातात नव्हता’ हा बचाव होत नाही.

गैरसमज ४ : त्यापेक्षा कानात इअरबड घातले की झालं.

वस्तुस्थिती : इअरबडने कान बंद होतात, आणि बाहेरचा आवाज कमी करणारे असतील तर आणखीच. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन, बाजूच्या दुचाकीचा हॉर्न, टायरमधून येणारा वेगळा आवाज हे सगळं चालकाला ऐकू यायलाच हवं. शिवाय चालता चालता इअरबड कानातून निसटला, तर हात आणि नजर दोन्ही सीटखाली जातात. स्पीकरवर बोलण्याची सोय असलेलं किट या बाबतीत निःसंशय बरं.

गैरसमज ५ : गाणी छान वाजतात, म्हणजे कॉलही छान होणार.

वस्तुस्थिती : गाणी आणि कॉल ब्लूटूथवर दोन वेगळ्या वाटांनी जातात. गाण्यांसाठी ‘एटूडीपी’ हे प्रोफाइल असतं, तर कॉलसाठी ‘हँड्स-फ्री प्रोफाइल’. कॉलचा जुना प्रकार साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज वाहून नेतो, म्हणून बोलणं दबकं वाटतं. २०११ मध्ये आलेल्या हँड्स-फ्री १.६ पासून ‘वाइडबँड’ आवाजाची सोय झाली. तिच्यात सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जातो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ हे उच्चार वेगळे कळतात. ज्याचं बोलणं कळायला मनावर ताण पडत नाही, ते किट लक्षही कमी मागतं. म्हणून दुकानात विचारायचं ते वाइडबँड किंवा एचडी व्हॉइसबद्दल. अर्थात फोन आणि नेटवर्क या दोघांचीही त्याला साथ लागते.

गैरसमज ६ : ब्लूटूथचं व्हर्जन जितकं नवं, तितका आवाज चांगला.

वस्तुस्थिती : ब्लूटूथ ५ च्या जाहिरातीत दिसणारा दुप्पट वेग आणि लांबचा पल्ला हे मुख्यतः कमी ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांसाठी आहेत. गाडीतला नेहमीचा कॉल अजूनही जुन्या, ‘क्लासिक’ ब्लूटूथवरून जातो आणि फोन ते किट हे अंतर हातभरच असतं. चांगल्या माइकचं ४.२ व्हर्जनचं किट हे वाईट माइकच्या ५.३ ला सहज मागे टाकतं. फोन नवा आणि किट जुनं असलं, तरी दोघांचं सहसा जुळतं.

गैरसमज ७ : मोठा स्पीकर घेतला की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : कॉल बिघडतो तो बहुधा माइकमुळे. इंजिन, टायर, एसीचा पंखा आणि उघडी खिडकी यांच्या गोंगाटातून माइकला आपला आवाज वेगळा काढायचा असतो. तो तोंडाजवळ हवा, म्हणजे सन व्हायझरवर किंवा चालकाच्या बाजूच्या खांबावर, आणि एसीच्या झोतापासून दूर. दोन माइकचं किट गोंगाट ओळखून तो वजा करू शकतं.

पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर आपल्या स्पीकरचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतो आहे, असं समजावं. आवाज थोडा कमी केला की प्रतिध्वनी बहुतेक वेळा थांबतो. स्पीकर आणखी मोठा घेतला तर हा त्रास वाढतोच.

गैरसमज ८ : सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर स्वस्तात तेच काम करतो.

वस्तुस्थिती : तो गाडीच्या रेडिओवर एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवरून आवाज पाठवतो. पण मुंबई-पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ अशा जागा केंद्रांनी व्यापलेल्या आहेत. एका गावात रिकामी सापडलेली जागा दुसऱ्या गावात भरलेली निघते, आणि मग चालत्या गाडीत बटणं दाबत बसावं लागतं. त्याहून मोठी अडचण माइकची. तो सॉकेटपाशी, म्हणजे गिअरच्या दांड्याजवळ खाली राहतो. गाण्यांपुरता हा पर्याय ठीक, कॉलसाठी दुबळा.

गाडीच्या म्युझिक सिस्टिमला ऑक्सचं छिद्र असेल, तर वेगळ्या माइकचा ऑक्स रिसीव्हर घ्यावा. त्यातून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी गूं-गूं आली, तर तो दोष बहुधा अर्थिंगच्या वळशाचा असतो. ऑक्सच्या वाटेत ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ जोडला की ती जाते.

गैरसमज ९ : व्हायझरला अडकवायचं किट गाडीत कायम ठेवलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : वायरी नकोत आणि माइक तोंडाजवळ हवा, अशांसाठी हे उत्तम किट आहे. काही किट गाडीचं दार उघडताच आपोआप सुरू होतात आणि फोनला जोडली जातात. लक्ष वाचवणारी याहून चांगली सोय नाही. पण त्यात लिथियम-आयन बॅटरी असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान ६० अंशांवर जाऊ शकतं. त्या उष्णतेत बॅटरी लवकर खराब होते आणि फुगण्याचा धोकाही असतो. उन्हाळ्यात गाडी उभी केली की किट काढून सोबत न्यावं, आणि गाडी थंड झाल्यावरच ते चार्जिंगला लावावं.

गैरसमज १० : कायमचं किट बसवायचं तर गाडीच्या वायरी कापाव्याच लागतात.

वस्तुस्थिती : बऱ्याच मॉडेलसाठी तयार कपलर मिळतात. मूळ वायरिंगच्या सॉकेटमध्ये ते बसतात आणि काहीच कापावं लागत नाही. वॉरंटीतल्या गाडीत वायर कापली, तर पुढे विजेच्या बिघाडाचा दावा नाकारला जाण्याचं निमित्त मिळतं. म्हणून कारागिराला आधीच विचारावं : कपलर लावणार की वायर कापणार? फ्यूज कुठे टाकणार? गाडी बंद केल्यावर किट बंद होईल ना? शेवटचा प्रश्न सॉकेटवरच्या उपकरणांनाही लागू आहे. काही गाड्यांत चावी काढल्यावरही सॉकेटला वीज राहते आणि बरेच दिवस उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

गैरसमज ११ : ब्लूटूथच्या लहरी गाडीभर पसरतात, त्यापेक्षा फोन कानाला लावलेला बरा.

वस्तुस्थिती : अशा किटची प्रसारणशक्ती साधारणपणे अडीच मिलिवॉटपर्यंत असते. फोरजी फोन टॉवरशी बोलताना कमाल २०० मिलिवॉट वापरू शकतो. किट वापरल्याने हा जास्त शक्तीचा फोन डोक्यापासून दूर राहतो.

गैरसमज १२ : फोन डिसकनेक्ट केला की आपली माहितीही गेली.

वस्तुस्थिती : पडदा असलेल्या अनेक सिस्टिम फोनमधली नावं, नंबर आणि कॉलची यादी स्वतःकडे उतरवून घेतात. गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना पेअर केलेला फोन यादीतून काढून टाकावा आणि शक्य असेल तर सिस्टिम मूळ स्थितीत आणावी. त्या यादीत आपल्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर असतात, त्यामुळे ही जबाबदारी त्यांच्यासाठीही आहे.

मग निवड कशी करायची? दुकानात उभ्या गाडीत किट ऐकून निर्णय घेऊ नये. इंजिन चालू करावं, एसीचा पंखा पूर्ण वेगावर ठेवावा, खिडकी थोडी उघडावी आणि कुणाला तरी फोन लावून माझं बोलणं कळतं का, असं विचारावं. न बघता बोटाला सापडणारं एक मोठं बटण आहे का, ते पाहावं. गाडीतून उतरून पुन्हा बसावं आणि फोन आपोआप जोडला जातो का, तेही तपासावं. किटवरून फोनचा व्हॉइस असिस्टंट सुरू होत असेल तर उत्तम. गूगल असिस्टंट २०१८ पासून मराठी समजतो.

पण आवाजी आज्ञाही फुकट नसते. अमेरिकेच्या ‘एएए फाउंडेशन’साठी २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात काही आवाजी यंत्रणा वापरून झाल्यावर चालकाचं मन २७ सेकंदांपर्यंत पूर्णपणे रस्त्यावर परतलं नसल्याचं दिसलं. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात ४५० मीटर जातात. म्हणून पत्ता टाकणं, गाणी लावणं, फोन जोडणं ही कामं गाडी हलण्यापूर्वीच उरकावीत.

किटचा माइक जितका चांगला, तितकं पलीकडच्याला आपण गाडी चालवतो आहोत हे कळणं अवघड. म्हणून फोन घेताच पहिलं वाक्य तेच असावं : ‘गाडी चालवतोय, थांबलो की फोन करतो.’ आणि आपण फोन केलेला असताना समोरच्याने असं सांगितलं, तर ‘एकच मिनिट’ न म्हणता आपणच फोन ठेवावा. एवढं एक वाक्य चालकाला नजर न हलवता बोलता आलं, तर किटवर खर्च केलेले पैसे वसूल झाले. त्यापुढचं बोलणं फूड मॉलवर किंवा घरी पोचल्यावर होऊ शकतं.